फुटबॉल बघायला जायचं आणि जर्सी चालत नाही? हॉस्पिटॅलिटी लाउंजचा ड्रेसकोड

उभा_मारुती

नमस्कार मंडळी.

थोरला मुलगा लंडनला नोकरीला आहे. त्याच्या कंपनीनं फेब्रुवारीतल्या प्रीमियर लीगच्या एका सामन्याची दोन हॉस्पिटॅलिटी तिकिटं (लाउंजमधल्या जेवणासकट) त्याला दिलीत. "बाबा, तुम्ही यायचंच" म्हणून हटून बसलाय. व्हिसा झाला, विमानाचं तिकीट काढलं. इथं कोल्हापुरात शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर उन्हात बसून फुटबॉल बघण्यात जन्म गेला, त्यामुळं पोराएवढाच मलाही उत्साह आहे.

काल क्लबचा ईमेल आला. लाउंजमध्ये 'स्मार्ट कॅज्युअल' कपडे हवेत. फाटकी जीन्स, ट्रॅकसूट, खेळाचे बूट चालणार नाहीत. पुरुषांनी बोटं उघडी राहतील अशा चपला घालायच्या नाहीत. पाहुण्या संघाचे रंग अंगावर दिसले तर प्रवेश नाही. आणि सगळ्यात खाली लिहिलंय की या लाउंजमध्ये यजमान क्लबची जर्सीसुद्धा चालणार नाही.

शेवटची ओळ मी पोराकडून परत वाचून घेतली. त्याच क्लबचं मैदान, त्याच क्लबचा सामना, आणि त्याच क्लबची जर्सी नको?

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. नेमकं काय घालून जावं, आणि हा नियम तुम्हाला पटतो का?

थेम्सकाठचा_कोल्हापूरकर

काका, पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. कॉलरचा फुल शर्ट, गडद रंगाची पँट आणि काळे किंवा तपकिरी लेदर बूट. टाय लागत नाही. ब्लेझर असेल तर घाला, नसेल तर चांगला स्वेटर चालतो. न फाटलेली गडद जीन्सही बऱ्याच क्लबांत चालते, पण ईमेलमध्ये स्पष्ट लिहिलं नसेल तर तो धोका घेऊ नका.

थंडीचं मात्र मनावर घ्या. लाउंज आत उबदार असतो, पण सामना बाहेर खुर्चीत बसून बघायचा असतो. फेब्रुवारीत तिथं पाऊण तास न हलता बसणं म्हणजे शर्टाच्या आत थर्मल आणि वर जाड कोट पाहिजेच. कोट ठेवायला आत सोय असते. दारं सामन्याच्या दोन-तीन तास आधी उघडतात, तेव्हा उशीर करू नका. निवांत जेवण होतं, क्लबचा एखादा जुना खेळाडू येऊन चार गोष्टी सांगतो, सामन्यानंतर परत चहा-पाणी.

आणखी एक. इंग्लंडात १९८५ च्या कायद्यानं फुटबॉल मैदानावर, जिथून खेळ दिसतो तिथं दारू प्यायला बंदी आहे. म्हणून ग्लास लाउंजमध्येच ठेवून बाहेर यावं लागतं. खासगी बॉक्समधून मैदान दिसत असेल तर तिथंही सामन्याच्या वेळात हाच नियम. तुम्ही घेत नाही हे माहीत आहे, पण शेजारची माणसं हाफ टाइमला पटापट आत का पळतात ते कळावं म्हणून सांगितलं.

दुसऱ्या प्रश्नावर सवडीनं लिहितो.

पेठकर

पटत नाही. अजिबात पटत नाही.

जर्सी घालून मैदानावर जायचं नाही तर कुठं, लग्नात घालायची? आपल्याकडं सामना असला की सकाळपासून पेठेत पोरं आपल्या तालमीच्या फुटबॉल संघाची जर्सी घालून फिरतात. ज्याच्याकडं जर्सी नाही तो त्या रंगाचा टी-शर्ट शोधतो, नाहीतर रुमाल बांधतो. ज्या क्लबला आपल्या रंगाची लाज वाटते, त्यानं तो रंग दुकानात विकू तरी नये. दुकानात तीच जर्सी महागात विकायची आणि वरच्या मजल्यावर घालून गेलं की दारात अडवायचं, हे दोन्ही एकदम कसं चालेल?

सेंटर_हाफ

पेठकर, तुमचा राग समजतो, पण हा लाउंज प्रेक्षकांसाठी म्हणून जन्मालाच आलेला नाही. १९६६ च्या विश्वचषकाआधी मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर नवीन स्टँड बांधला, त्यात १९६५ मध्ये खासगी बॉक्स काढले. ब्रिटनच्या फुटबॉल मैदानावरचे ते पहिलेच. कंपन्या ते वर्षाच्या करारानं घेतात आणि आपल्या गिऱ्हाइकांना तिथं जेवू घालतात. म्हणजे तिथं येणारा निम्मा माणूस फुटबॉलसाठी येतो, निम्मा धंद्याच्या बोलण्यासाठी. कपड्यांचा नियम या दुसऱ्या निम्म्यासाठी आहे.

यावर तिकडच्या खेळाडूंनीही तोंडसुख घेतलंय. नोव्हेंबर २००० मध्ये डायनॅमो कीव्हविरुद्धच्या सामन्यानंतर मँचेस्टर युनायटेडचा कर्णधार रॉय कीन आपल्याच मैदानावरच्या अशा प्रेक्षकांवर उखडला होता. ही मंडळी पेल्यात आणि कोळंबीच्या सँडविचमध्ये गुंग, समोर मैदानात काय चाललंय ते त्यांना कळतही नाही, असा त्याचा रोख. तेव्हापासून इंग्लंडात 'कोळंबी सँडविचवाले' ही अशा प्रेक्षकांची ओळखच होऊन बसलीय.

रंकाळा_चौपाटी

आपल्याकडं असता तर 'भडंगवाले' म्हटलं असतं. पण भडंग खाणाऱ्याला खेळ कळतो हो, त्याचं नाव खराब नको.

मिसळ_जाळ

+१. तोंडात भडंग असताना पण ऑफसाइडवर भांडतो आपला माणूस.

थेम्सकाठचा_कोल्हापूरकर

आता दुसरा प्रश्न. काकांच्या ईमेलमध्ये दोन वेगळे नियम एकाच यादीत आलेत आणि तिथंच गोंधळ होतोय.

पाहुण्या संघाचे रंग नकोत, हा सुरक्षेचा नियम आहे. इंग्लंडात पाहुण्यांच्या पाठीराख्यांना बसायला वेगळा कोपरा असतो, येण्याजाण्याचे दरवाजे वेगळे. यजमानांच्या स्टँडमध्ये पाहुण्यांची जर्सी घालून बसलात तर साध्या तिकिटावरही बाहेर काढतात. सत्तर-ऐंशीच्या दशकात तिथं ज्या मारामाऱ्या झाल्या त्यावरून हे शहाणपण आलंय. आपण कोल्हापूरकरांनी तरी या नियमाला नावं ठेवू नयेत. पाठीराख्यांच्या हुल्लडबाजीनं सामना थांबलेला आणि पोलिसांना मैदानात उतरावं लागलेलं आपण डोळ्यांनी पाहिलंय.

यजमान क्लबची जर्सी नको, खेळाचे बूट नकोत, हा मात्र नुसता दिसण्याचा नियम आहे. त्यानं कुणाचा जीव वाचत नाही. सगळ्या लाउंजना तो सारखा लागूही नसतो. एकाच मैदानावर एका लाउंजमध्ये जर्सी चालते, वरच्या मजल्यावर चालत नाही, आणि संचालकांच्या कक्षात अजूनही जॅकेट-टायची अपेक्षा असते. लहान मुलांना बहुतेक ठिकाणी जर्सी चालते.

पहिला नियम शंभर टक्के पाळावा. दुसरा पाळायचा तो ज्यानं बोलावलं त्याच्या मानाखातर. तिकीट कंपनीचं आहे आणि मुलाला उद्या त्याच लोकांत काम करायचंय.

कात्री_आणि_टेप

महाद्वार रोडला आमचं शिवणकाम आहे, वडिलांपासून. उभा_मारुतीदादा, आजच ब्लेझर शिवायला टाका, तयार घेऊ नका. तयार ब्लेझर आपल्या अंगाला खांद्यात पडतो. खांद्याची शिवण हाडाच्या टोकाला बरोबर संपली पाहिजे. तिथून अर्धा इंच जरी खाली उतरली तरी दुसऱ्याचा मागून आणल्यासारखा दिसतो. बाही मनगटाच्या हाडापर्यंत, म्हणजे आतल्या शर्टाची कड थोडी बाहेर दिसते. बसल्यावर बटण उघडायचं, उभं राहिल्यावर वरचं एकच लावायचं. खालचं कधीच लावायचं नाही.

कापड टेरीवूल घ्या, गडद निळं. लिनन घेऊ नका, विमानात चुरगळतं. आणि माप द्यायला येताना आत जो थर्मल घालणार आहात तो घालूनच या. नाहीतर इथं उन्हाळ्यात माप दिलेला ब्लेझर तिथं बगलेत धरतो. ही तक्रार घेऊन परदेशातून परत आलेली माणसं मी बघितलीत.

बुटाचं पण सांगतो. नवे कोरे बूट घालून जाऊ नका. तिथं स्टेडियमबाहेर गाडी लावून बरंच चालावं लागतं असं गिऱ्हाईक सांगतात. महिनाभर आधीपासून रोज घालून मऊ करून घ्या.

माई_शिवाजीपेठ

सगळ्या धाग्यात शर्ट, टाय आणि बूटच चाललंय. वहिनी जाणार असतील तर त्यांनी काय घालायचं, हे कुणी विचारलंच नाही. या सूचना बघा तुम्ही, पुरुषांच्या गळ्यापासून पायापर्यंत यादी असते आणि बायकांसाठी एक ओळही नसते. म्हणजे बायका येणार हेच लिहिणाऱ्याच्या डोक्यात नाही. तिकडं लॉर्ड्सवर क्रिकेटच्या त्या एमसीसी क्लबानं बायकांना सभासद करून घ्यायला १९९८ उजाडलं, मग फुटबॉलवाल्यांचं काय सांगायचं!

आणि आपल्याकडं तरी काय वेगळं? मला लहानपणापासून फुटबॉल आवडतो. भावाबरोबर शाहू स्टेडियमला जायचे. मोठी झाल्यावर घरातूनच "तिथं शिव्या असतात, नको" सुरू झालं. मला कपड्यांच्या नियमापेक्षा शिव्यांचा नियम हवा आहे. तालमीच्या जर्सीत या, लुंगीत या, पण तोंड सांभाळा. मग बघा किती बायका आणि मुली येतात.

उभा_मारुती

माई, अगदी खरं बोललात. दोनच तिकिटं आहेत म्हणून ही येणार नाही, पण तुमचा मुद्दा तिला वाचून दाखवला. ती म्हणाली, "माईंना माझा नमस्कार सांगा."

वेलकम_डेस्क

मी हॉटेल मॅनेजमेंट केलंय आणि काही वर्षं मुंबईकडं एका मोठ्या स्टेडियमच्या लाउंजच्या दारात काम केलंय. दुसरी बाजू सांगतो.

दारावरचा माणूस पहिल्यांदा चेहरा बघत नाही, पाय बघतो. वरचे कपडे बहुतेकांचे ठीक असतात, चूक बुटात होते. आमच्याकडं आत एका दांडीवर चार-पाच जॅकेट आणि खोक्यात काळे बूट ठेवलेले असायचे. पाहुण्याला परत पाठवायचं नाही, बाजूला घेऊन हळूच जॅकेट द्यायचं, ही आमच्या साहेबांची शिकवण. चांगल्या जागी नियम असाच राबवतात.

पण सगळीकडं असं नसतं. एका सामन्याला गावाकडचे एक आजोबा आले होते. पांढरं स्वच्छ धोतर, कडक इस्त्रीचा सदरा, टोपी. नातू खेळाडूंपैकी एक. हातात रीतसर पास. सुपरवायझर नवीन होता, त्यानं त्यांना बाजूला उभं केलं आणि वॉकीटॉकीवर विचारत बसला. त्याच वेळी बर्म्युडा घातलेला एक बडा पाहुणा त्यांच्या शेजारून आत गेला, त्याला कुणी हटकलं नाही. मी आजोबांना हाताला धरून आत नेलं आणि पहिल्या रांगेत बसवलं. नंतर मला बोलणी खावी लागली.

नियम असावा या मताचा मी आहे. पण तो बड्या पाहुण्याला लागू नसेल तर त्याला नियम म्हणू नये.

पेठकर

वेलकम_डेस्क, तुम्हाला मनापासून मुजरा. असा माणूस दारात पाहिजे.

काळा_कोट

या आजोबांच्या प्रसंगावरून तमिळनाडूचं आठवलं. २०१४ मध्ये चेन्नईत तमिळनाडू क्रिकेट असोसिएशनच्या क्लबात एका कार्यक्रमाला मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती हरिपरंथामन वेष्टी, म्हणजे तिकडचं धोतर, नेसून गेले, तर त्यांना दारातच अडवलं. केवढा गदारोळ झाला. त्याच वर्षी सरकारनं कायदाच केला. सार्वजनिक ठिकाणी, क्लबात, सभागृहात वेष्टी किंवा कुठलाही भारतीय पारंपरिक पोशाख घातला म्हणून प्रवेश नाकारायचा नाही. नाकारला तर एक वर्षापर्यंत कैद आणि २५ हजारांपर्यंत दंड.

आपल्या मुंबईतही १९८८ मध्ये चित्रकार हुसेन अनवाणी होते म्हणून विलिंग्डन क्लबात त्यांना प्रवेश मिळाला नव्हता. तिकडं इंग्लंडात २०१५ च्या विम्बल्डन फायनलला जॅकेट-टाय नाही म्हणून लुईस हॅमिल्टनला रॉयल बॉक्समधून परत जावं लागलं, तोही तेव्हा फॉर्म्युला वनचा जगज्जेता. म्हणजे हा नियम कधीकधी मोठ्या माणसालाही लागतो, एवढं कबूल करू.

चपलाबाजार

मूळ ईमेलमधली एक ओळ सगळे सोडून चाललेत. पुरुषांनी उघड्या बोटांची चप्पल घालायची नाही. म्हणजे कोल्हापुरी नाही!

आमचं घर या धंद्यात आहे म्हणून बोलतो. कोल्हापुरीला २०१९ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं. आपले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार, असे आठ जिल्हे त्यात येतात. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीनं तसल्याच चपला मांडल्या, आपलं नावही न घेता. इथून आरडाओरडा झाल्यावर मग कोल्हापुरीवरून घेतलंय म्हणून मान्य केलं. कारागीर एक जोड करायला किती वेळ घालवतो ते येऊन बघा. कातडं कमावून आणायचं, तळ कापायचा, कानं शिवायची, वेणी घालायची, सगळं हातानं. शिवायला दोराही चामड्याचाच. ती चप्पल मिलानच्या रॅम्पवर चालते आणि फुटबॉलच्या लाउंजमध्ये चालत नाही, तर हा नियम कोणत्या पायांसाठी केलाय ते सरळच दिसतं.

जुना_गोलकीपर

चपलाबाजार यांनी पायाचा विषय काढला म्हणून लिहितो. फुटबॉल आणि बूट यांचा आपल्या देशाशी फार जुना हिशेब आहे. २९ जुलै १९११ ला कलकत्त्याच्या मोहन बागान क्लबनं ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असं हरवून आयएफए शील्ड ही स्पर्धा जिंकली. गोऱ्या पलटणीचे लोक बुटात, आपले अकरापैकी दहा अनवाणी. पुढं १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र भारताचा संघ फ्रान्सशी खेळला तेव्हाही बरेच जण अनवाणीच होते. १-२ असा हरला, पण दोन पेनल्टी वाया गेल्या नसत्या तर निकाल उलटा लागला असता. लंडनच्या लोकांनी त्या पोरांना टाळ्या वाजवल्या.

म्हणून मला वाटतं, उभा_मारुती, तुम्ही त्या लाउंजमध्ये बूट घालून जा, पण कुणी विचारलं तर हे सांगा. तिथल्या जुन्या माणसांना ऐकायला आवडेल.

सेंटर_हाफ

गोलकीपरदादा, वा! १९४८ चं मला इतकं बारकाईनं माहीत नव्हतं.

चपलाबाजार, तुमच्याशी मात्र थोडा मतभेद. उघड्या चपलेचा नियम कोल्हापुरीला डोळ्यासमोर ठेवून कुणी केलेला नाही. तिकडं माणसं समुद्रावरच्या रबरी चपला घालून येतात, त्यांच्यासाठी आहे. चूक एवढीच की नियम लिहिणाऱ्याला उघड्या चपलेचे दोन प्रकार असतात हे माहीत नाही. ते त्याला पत्र लिहून सांगता येईल, त्यात अपमान शोधायला नको.

चपलाबाजार

पत्र लिहा म्हणता, तर लिहूच. इंग्रजीत कोण लिहून देतंय? फोटो माझ्याकडं आहेत.

थेम्सकाठचा_कोल्हापूरकर

मी देतो लिहून. मेसेज करा.

बिंदू_चौक

आता माझा एक प्रश्न, कारण हे आपल्या दारात आज ना उद्या येणारच. शाहू स्टेडियमवर किंवा नव्यानं कुठं मोठं मैदान झालं तिथं असा एसी लाउंज काढला, प्रायोजकांना जेवण, खुर्च्या वगैरे, तर कपड्यांचा नियम काय असावा? मला वाटतं लाउंज असावा. त्या पैशातून मैदानाची हिरवळ राहील, पोरांना बूट मिळतील. आज कित्येक खेळाडू काम करून सरावाला येतात.

पेठकर

लाउंजच नको. खासबाग बघा. शाहू महाराजांनी बांधून घेतलेलं ते मैदान १९१२ ला सुरू झालं. मध्ये आखाडा, भोवती उतार, कुठंही बसा, कुस्ती दिसते. मागच्याला पुढच्याचा अडथळा नाही. हमाल आणि जहागीरदार एकाच उतारावर. आपल्या गावात मैदानाची रीत ही आहे.

बिंदू_चौक

पेठकरदादा, खासबागेतही मान्यवरांना बसायला वेगळी जागा करतातच की. आणि शाहू स्टेडियमवर बक्षीस समारंभाला पाहुण्यांच्या खुर्च्या कुठं मांडतात ते तुम्हाला माहीत आहे. वेगळी जागा आजही आहे. फक्त तिच्यातून खेळाला एक रुपया मिळत नाही.

पेठकर

हे मात्र बरोबर. पैसे खेळाडूंपर्यंत जाणार असतील तर विचार करू. पण मग लाउंजमध्ये दोन्ही तालमींच्या जर्सी चालल्या पाहिजेत.

वेलकम_डेस्क

दोन्ही एकत्र नको. काचेच्या खोलीत, जेवणाच्या टेबलांवर, अंतिम सामन्याच्या दिवशी दोन पेठांचे पाठीराखे एका रंगासमोर दुसरा रंग बसवलात तर पहिल्या गोलला ताटं उडतील. मी अनुभवानं सांगतो. एकतर दोन वेगळे लाउंज करा, नाहीतर लाउंजमध्ये कुणाचीच जर्सी नको.

माई_शिवाजीपेठ

म्हणजे फिरून इंग्लंडच्याच नियमाशी आलात की सगळे!

सेंटर_हाफ

माई, अर्ध्याच नियमाशी. रंगाचा नियम आपणही ठेवणार, कारण त्याचं कारण आपल्याला ठाऊक आहे. बुटाचा, धोतराचा, चपलेचा नियम ठेवायचं काही कारण नाही. कपडे धुतलेले असावेत, तोंडात शिवी नसावी, पान-मावा खाऊन भिंती रंगवू नयेत. मी केएसएचा (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनचा) कुणी नाही, पण असा फलक दारावर लागला तर पहिली सही माझी.

माई_शिवाजीपेठ

शिवीचं लिहिलंत, आता मी पण सही करते.

उभा_मारुती

सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तरं वाचता वाचता माझंही ठरलं. महाद्वार रोडला माप देऊन आलो, थर्मल घालूनच गेलो होतो. गडद निळा टेरीवूल. बूट आजपासून घालतोय. जर्सी बॅगेत नेणार, सामन्यानंतर पोराच्या घरी घालून फोटो काढणार.

पटलं का म्हणाल, तर रंगाचा नियम पटला, दुसरा नाही पटला. पण पोराच्या साहेबानं बोलावलंय, तिथं मी त्याची मान खाली घालणार नाही.

एकच राहिलं. फेटा बांधून गेलो तर? पोरगं म्हणतंय बाबा, नको.

वेलकम_डेस्क

लाउंजमध्ये जेवताना खुशाल बांधा, कुणी अडवणार नाही, उलट फोटोला रांग लागेल. पण बाहेर खुर्चीत बसताना उतरवा. मागच्या माणसानंही पैसे मोजलेत, त्याला गोल दिसला पाहिजे.

थेम्सकाठचा_कोल्हापूरकर

काका, कपड्यांच्या नादात महत्त्वाचं राहून गेलं. तुम्ही विमानाचं तिकीट काढलंय म्हणालात. प्रीमियर लीगचे सामने टीव्हीसाठी हलवतात. शनिवारचा सामना रविवारी किंवा सोमवारी रात्री जातो, कधी शुक्रवारीही येतो. चषकाचे सामने मध्ये आले तर आणखी पुढं ढकलतात. फेब्रुवारीच्या तारखा पक्क्या झाल्या का ते क्लबच्या साइटवर बघायला सांगा आणि परतीचं तिकीट सामन्याच्या दुसऱ्याच दिवशीचं असेल तर ते पुढं सरकवा.

उभा_मारुती

परतीचं रविवारचंच आहे. लावतो पोराला फोन.